माशाचं वय चुकलं की पुढचं सगळंच चुकतं

अमेरिकेत मिनेसोटाच्या तळ्यांमध्ये बिगमाउथ बफेलो नावाचा मासा आहे, चांगला मीटरभर लांब आणि वजनाला 30 किलोच्याही वर जाऊ शकणारा. हा फार तर 26 वर्षं जगतो असं सगळे धरून चालले होते. 2019 मध्ये संशोधक अ‍ॅलेक लॅकमन आणि त्यांच्या टीमने नीट तपासलं तर एक मादी निघाली 112 वर्षांची!

एवढा फरक पडतो कसा? तर वय कशावरून मोजलं यावर बरंच अवलंबून असतं. सगळ्यात सोपं म्हणजे खवलं. मासा वाढतो तशी खवल्यावर बारीक वर्तुळं उमटत जातात, थंडीत वाढ मंदावली की ती दाटीने येतात, आणि असा एक दाट पट्टा म्हणजे एक वर्ष. मासा मारावा लागत नाही, खर्चही नाही. पण म्हातारपणी माशाची वाढ जवळपास थांबते, मग कडेची वर्तुळं एकमेकांत मिसळून जातात, शिवाय एखादं खवलं गळून नवीन आलं तर त्यात जुनी वर्षं नसतातच.

म्हणून कानातला खडा बघायचा, ओटोलिथ. हा कॅल्शियम कार्बोनेटचा इवलासा खडा आयुष्यभर थर चढवत राहतो आणि झिजत नाही. त्याचा कागदासारखा पातळ काप घेऊन मायक्रोस्कोपखाली पट्टे मोजायचे. अर्थात, त्यासाठी मासा मारावाच लागतो. आता एक पट्टा म्हणजे खरंच एक वर्ष का? हे पडताळायला लॅकमन यांच्या टीमने कार्बन-14, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, वापरला. 1950-60 च्या दशकांत अणुचाचण्यांमुळे हवेत आणि मग पाण्यात तो एकदम वाढला, त्यामुळे खड्याच्या गाभ्यात तो कितपत आहे त्यावरून मासा चाचण्यांआधीचा की नंतरचा ते कळतं. मोजलेली वर्षं त्याच्याशी जुळली.

खरी काळजीची गोष्ट पुढे आहे. वायव्य मिनेसोटातल्या काही ठिकाणी 85-90% मासे 80 च्या पुढचे निघाले, म्हणजे 1930 च्या दशकात धरणं झाली तेव्हापासून नवीन पिढी जवळजवळ आलेलीच नाही. आणि या माशाला फालतू समजून रात्री लाइट लावून धनुष्यबाणाने कितीही मारायची मुभा होती, काही मर्यादाच नाही! मासा 26 वर्षंच जगतो असं धरलं तर दरवर्षी बरेच मासे आपोआप मरतात असा हिशेब निघतो, मग आपण थोडे जास्त पकडले तरी चालतील असं वाटतं. 112 धरलं की तोच आकडा पार खाली येतो.

आपल्याकडेही रोहू, कटला यांचं वय बऱ्याचदा खवल्यांवरूनच काढतात. तळ्यात सोडून वर्ष-दीड वर्षात विकायच्या माशाला ते ठीक आहे. पण नदीतला महसीर सावकाश वाढतो, त्यात आपली थंडी कमी असल्याने वर्तुळं आणखी पुसट, तेव्हा त्याच्यासाठी नुसत्या खवल्यांवर जाळ्याचे आणि पकडीचे नियम ठरवू नयेत असं मला अगदी मनापासून वाटतं. निदान मेलेले सापडतील त्या महसीरांचे तरी खडे काढून ठेवा.