आधी कीर्द, मग खतावणी

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव आटोपला, ट्रॅक्टर काट्यावरून उतरला की हिशेबपट्टी बनते. पट्टी करणारा मुलगा वजन आणि भाव टाकून एंटर दाबतो आणि लगेच पुढच्या शेतकऱ्याचं नाव टाइप करू लागतो. नोंद डिस्कवर मागाहून उतरते. तो थांबत नाही, म्हणून रांगही थांबत नाही.

ही सोय जुनी आहे. डिस्कचं फिरतं चाक मेमरीपुढे फारच संथ. म्हणून १९७० च्या दशकातल्या युनिक्स या संगणक-प्रणालीत मजकूर आधी मेमरीत ठेवायचे आणि दर ३० सेकंदांनी एक छोटा प्रोग्रॅम तो डिस्कवर उतरवायचा. माणसाला मात्र काम तत्क्षणी झाल्यासारखं वाटे. बटण दाबल्याची पोच सेकंदाच्या दहाव्या भागात मिळायला हवी, हे आयबीएमच्या रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्येच लिहून ठेवलं होतं.

पण मधल्या त्या सेकंदांत वीज गेली तर? १९९३ मध्ये मायक्रोसॉफ्टची डॉस ६.० ही संगणक-प्रणाली वापरणाऱ्यांना हे चांगलंच भोवलं. तिच्यातला स्मार्टड्राइव्ह हा प्रोग्रॅम डिस्कवर लिहिणं पुढे ढकलायचा, प्रॉम्प्ट, म्हणजे पुढच्या आज्ञेसाठी तयार असल्याची खूण, मात्र आधीच दिसायचा. काम झालं समजून लोक मशीन बंद करत आणि मजकूर जाई. त्याच वर्षीच्या ६.२ आवृत्तीत आधी लिहिणं पूर्ण होऊ लागलं, मग प्रॉम्प्ट.

खरा तोडगा आपल्या पेढ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या होता. व्यवहार झाला की आधी कीर्दीत, म्हणजे रोजच्या नोंदींच्या वहीत, एक ओळ. खतावणीत, म्हणजे खात्यांच्या वहीत, ती नोंद सवडीने, संध्याकाळी. दिवा गेला तरी कीर्द शाबूत, तिच्यावरून खतावणी पुन्हा मांडता येते. डेटाबेस आणि फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडणारी व्यवस्था) नेमकं हेच करतात, आणि इंग्रजीत त्या वहीला ‘जर्नल’च म्हणतात. १९९३ च्या विंडोज एनटी या प्रणालीत ती होती; लिनक्स प्रणालीच्या मुख्य कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, २००१ साली रायझरएफएस या फाइल सिस्टिमबरोबर आली. मला या सगळ्या इतिहासातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते, कारण वेग आणि भरवसा इथे एकत्र नांदले.

आता डिस्कची जागा दूरच्या सर्व्हरने घेतली आहे. सुरगाण्याच्या डोंगरात रेंज नसताना व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप पाठवला की शेजारी छोटं घड्याळ दिसतं: निरोप फोनमध्ये आहे, अजून गेलेला नाही. रेंज आली की आपोआप बरोबरची खूण. पट्टीच्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्येही तसं घड्याळ हवं, कारण त्या आकड्यावर शेतकऱ्याचे पैसे ठरतात.