बर्लिनमध्ये बाळासाठी किटा: गुटशाइनचा अर्ज, कागदपत्रं आणि वेटिंग लिस्टची खरी गोष्ट

पुण्यात माझ्या बहिणीने पाळणाघर शोधलं ते असं: सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं, मागच्या गल्लीतल्या एका काकूंकडे जाऊन बघून आली, महिन्याचे पैसे ठरले आणि सोमवारपासून पोरगं तिकडे. बर्लिनमध्ये हेच करायला मला अकरा महिने लागले, सदतीस ईमेल लागले आणि एक सरकारी कागद लागला ज्याला इथे किटा-गुटशाइन म्हणतात, किटा म्हणजे इथलं पाळणाघर-बालवाडी. नवीन आलेले मराठी आईबाप भेटले की तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून एकदा नीट लिहून ठेवतेय. हे बर्लिनचं आहे बरं का, म्युनिकला वेगळी पद्धत आहे, तिथे अर्ज किटा-फाइंडर नावाच्या पोर्टलवरून जातो, त्यामुळे तिकडच्यांनी फक्त कायद्याचा भाग वाचला तरी चालेल.

आधी डोक्यात एक गोष्ट फिट करा. गुटशाइन वेगळं आणि जागा वेगळी. गुटशाइन देतं युगेंडआम्ट, म्हणजे तुमच्या बेत्सिर्कचं (शहराच्या विभागाचं) मुलाबाळांचं ऑफिस, आणि त्याचा अर्थ एवढाच की तुमच्या बाळाचा दिवसाला इतक्या तासांचा खर्च सरकार भरेल. जागा देते किटा, आणि ती शोधायची तुम्ही. गुटशाइन आलं की त्यावर किटाचं नाव पण असेल अशा भ्रमात मी होते, पाकीट आलं, कागद उलटसुलट करून बघितला, नाव कुठेच नाही, नवरा म्हणाला मागच्या बाजूला असेल, मागची बाजू कोरी.

कोणाला मिळतं

बाळाला एक वर्ष पूर्ण झालं की किटात किंवा टागेसमुटरकडे (मोजकी मुलं सांभाळणाऱ्या परवानाधारक बाईकडे) जागा मिळणं हा त्याचा कायदेशीर हक्क आहे, अख्ख्या जर्मनीत, १ ऑगस्ट २०१३ पासून. हक्क बाळाचा, आईबापाच्या नोकरीचा त्याच्याशी संबंध नाही. म्हणजे आई घरी असली, नोकरी शोधत असली, डिपेंडंट व्हिसावर असली तरी बाळाला जागा मागता येते. आपल्याकडच्या बऱ्याच जणींना हे माहीतच नसतं, मी घरीच आहे तर मला कोण देणार असं म्हणून त्या अर्जच करत नाहीत.

एक वर्षाच्या आतल्या बाळासाठी मात्र कारण दाखवावं लागतं: दोघंही नोकरीत, किंवा शिक्षण चालू, किंवा काम शोधताय, असं काहीतरी.

तासांचं गणित वेगळं आहे आणि इथे लोक चुकतात. अर्धा दिवस म्हणजे ४ ते ५ तास, पार्टटाइम ५ ते ७, पूर्ण दिवस ७ ते ९, आणि ९ च्या वर एक वाढीव पूर्ण दिवस. एक वर्षानंतर ७ तासांपर्यंत तुम्हाला कोणी काही विचारत नाही. त्याच्या वर हवं असेल तर गरज सिद्ध करा. आता ८ तासांची नोकरी, अर्धा तास जेवणाची सुट्टी, जाऊन येऊन एक तास वीस मिनिटं ट्रेन, झाले ९ तास ५० मिनिटं. प्रवासाचा वेळ धरतात, तो फॉर्ममध्ये लिहायला विसरू नका, नुसते ८ तास लिहिले की पूर्ण दिवस मिळतो आणि मग संध्याकाळी एस-बान लेट झाली की तुम्ही प्लॅटफॉर्मवर रडकुंडीला. आणि आईबाप दोघांचे कागद लागतात, एकाचे नाही, कारण एक जण घरी असेल तर बाळाला इतका वेळ बाहेर ठेवायची गरज काय असा त्यांचा सरळ हिशोब.

अर्ज कधी आणि कसा

ज्या तारखेपासून बाळाला पाठवायचंय त्याच्या जास्तीत जास्त नऊ महिने आधी आणि निदान दोन महिने आधी. वर्षाच्या वाढदिवसापासून पाठवायचं असेल तर बाळ तीन महिन्यांचं झालं की अर्ज टाकायला मोकळे. शेवटच्या दोन महिन्यांची वाट बघू नका, ऑफिसला आठवडेच्या आठवडे लागतात आणि एक कागद कमी निघाला की पत्र पोस्टाने येतं, तुम्ही उत्तर पोस्टाने देता, असा महिना गेलाच समजा.

अर्ज ऑनलाइन करता येतो, किंवा फॉर्म डाउनलोड करून भरून युगेंडआम्टला पाठवा. जिथे तुमचं आनमेल्डुंग झालंय, म्हणजे पत्ता रजिस्टर आहे, त्याच बेत्सिर्कचं ऑफिस. मित्राच्या घरी तात्पुरते राहत असाल आणि आनमेल्डुंग झालं नसेल तर आधी ते करा, त्याच्याशिवाय पुढे काहीच हलत नाही. गुटशाइन मात्र पूर्ण बर्लिनमध्ये चालतं, राहायला श्पांडाऊ आणि किटा मिटेमध्ये ऑफिसजवळ असंही करता येतं.

कागदपत्रं

भरलेला फॉर्म, ज्यांच्याकडे बाळाचा ताबा आहे त्या दोघांच्या सह्या. बाळाचा जन्मदाखला. बाळाचा आणि तुमचा पासपोर्ट आणि आउफएन्टहाल्ट्सटीटेल, म्हणजे राहण्याचा परवाना, त्याच्या दोन्ही बाजूंची कॉपी. ७ तासांपेक्षा जास्त हवं असेल तर दोघांच्या कंपनीचं पत्र ज्यात आठवड्याचे तास लिहिलेत, आणि आई एल्टर्नत्साइटवर, म्हणजे बाळासाठीच्या रजेवर असेल तर ती कामावर परत कधी जाणार ती तारीख. शिकत असाल तर युनिव्हर्सिटीचं एनरोलमेंट. बस एवढंच, यादी छोटी आहे, डोकेदुखी वेगळीच आहे.

डोकेदुखी म्हणजे नाव. आपल्या जन्मदाखल्यावर बाळाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी सलग गाडी असते, पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये कधी वडिलांचं नाव येतं कधी येत नाही, आणि आईच्या पासपोर्टवर अजून माहेरचं आडनाव. जर्मन क्लार्कला यात तीन वेगवेगळी माणसं दिसतात. आमच्या बाबतीत तसंच झालं, समोरच्या बाईंनी अतिशय शांतपणे विचारलं की हे मधलं नाव कोणाचं, मुलाचं का नवऱ्याचं, आता काय सांगणार, दोघांचं. अर्जात सगळीकडे पासपोर्टवरचं स्पेलिंग जसंच्या तसं लिहा आणि वेगळ्या कागदावर दोन ओळींचा खुलासा जोडा. बाळ भारतात जन्मलं असेल तर आपला दाखला मराठी-इंग्रजी असतो, बऱ्याचदा चालून जातो, पण जर्मन भाषांतर मागितलं तर ते शपथेवर काम करणाऱ्या अनुवादकाकडूनच लागतं, ओळखीच्या माणसाने केलेलं चालत नाही.

किटात प्रवेश घेताना आणखी दोन गोष्टी लागतात. डॉक्टरचं सर्टिफिकेट, आणि गोवरच्या लसीचा पुरावा. १ मार्च २०२० पासून कायदाच आहे, एक वर्षाच्या मुलाला एक डोस, दोन वर्षांच्या मुलाला दोन, नसेल तर किटा घेऊच शकत नाही. भारतात गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिन्यांनंतर देतात आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत, इथे साधारण ११ आणि १५ महिन्यांना. पहिला डोस भारतात नवव्या-दहाव्या महिन्यात झाला असेल तर इथले डॉक्टर दुसरा वर्ष पूर्ण झाल्या झाल्या द्यायला सांगतात. लसीकरणाचं भारतातलं कार्ड जपून आणा आणि मुलांच्या डॉक्टरकडून पिवळ्या इम्फपासमध्ये, म्हणजे इथल्या लसीकरणाच्या पुस्तिकेत, नोंद करून घ्या.

पैसे

१ ऑगस्ट २०१८ पासून बर्लिनमध्ये सगळ्या वयाच्या मुलांना किटा फ्री आहे. दुपारच्या जेवणाचे महिन्याला २३ युरो तेवढे भरायचे. काही किटा नाश्ता, योगा, इंग्लिश असल्या नावाने वरचे पैसे सांगतात, ते घ्यायचं की नाही हे तुमच्यावर आहे, त्याच्यावर जागा अडवता येत नाही.

आता वेटिंग लिस्ट

किटाची लिस्ट म्हणजे रेशनची रांग नाही की आपला नंबर हळूहळू पुढे सरकेल. लिस्ट त्या किटाच्या लायटुंगच्या वहीत, म्हणजे मुख्य बाईंकडे, आणि त्या बघतात की कुठल्या वयाच्या गटात जागा आहे, कोणाचं भावंडं आधीच इथे आहे, किती मुलगे किती मुली. प्रेग्नन्सीत नाव दिलेली माझी मैत्रीण राहिली आणि आठवड्यापूर्वी फोन केलेलीला जागा मिळाली, कारण त्याच दिवशी कोणीतरी घर बदलून गेलं होतं. त्यामुळे शहराच्या किटा-नाविगाटोरवर नाव टाका, ईमेल करा, पण दर महिन्या-दीड महिन्याने फोन पण करा, सकाळी नऊच्या आत नको, तेव्हा मुलं सोडायची गडबड असते.

जागा मोठ्या प्रमाणात सुटतात ऑगस्टमध्ये, कारण तेव्हा मोठी मुलं शाळेत जातात. बाळाचा वाढदिवस फेब्रुवारीत असेल आणि तुम्ही बरोबर फेब्रुवारीचीच जागा मागत बसलात तर अवघड आहे. आम्ही ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर कधीही चालेल असं लिहायला लागलो आणि उत्तरं यायला लागली. अलीकडे शहरात बाळं कमी जन्मतायत म्हणून काही भागात आता जागा रिकाम्या पण दिसतात, आपल्या गल्लीपलीकडे बघायची तयारी ठेवा.

आणि फक्त मोठ्या किटांच्या मागे लागू नका. एल्टर्न-इनिशिएटिव म्हणजे पालकांनीच चालवलेल्या छोट्या किटा असतात, तिथे कधी स्वयंपाक, कधी कपडे धुणं, कधी हिशोब असं काम वाटून घ्यावं लागतं पण स्पर्धा जरा कमी. आणि टागेसमुटर, म्हणजे परवाना असलेली बाई किंवा बुवा, एकावेळी जास्तीत जास्त पाच मुलं सांभाळतात, तेच गुटशाइन तिथे पण चालतं. वर्षाच्या बाळाला मला विचाराल तर पाच मुलांचं घर बरं, आपल्या पाळणाघरासारखंच, फक्त टागेसमुटर आजारी पडली तर त्या दिवशी काय हे आधी विचारून घ्या.

कुठेच मिळालं नाही तर

इथे माझं एकच सांगणं, नकार लेखी घ्या. फोनवर नाही म्हणाले तरी लगेच एक ओळीचा ईमेल टाका की आज तुम्ही फोनवर सांगितलंत जागा नाही. एक्सेलमध्ये तारीख, किटाचं नाव, उत्तर. मला हे कोणी आधी सांगितलं नव्हतं, पहिल्या वीस नकारांचा माझ्याकडे काहीच पुरावा नव्हता, परत सगळ्यांना लिहावं लागलं.

ही यादी जोडून युगेंडआम्टला पत्र लिहा की आमच्या बाळाला अमुक तारखेपासून इतक्या तासांची जागा हवीय, आम्हाला मिळत नाही, तुम्ही दाखवा, आणि उत्तराला एक तारीख द्या. कारण कायद्याने जागा देण्याची जबाबदारी त्यांची आहे. २२ मार्च २०१८ ला बर्लिन-ब्रांडेनबुर्गच्या वरच्या प्रशासकीय कोर्टाने स्पष्ट सांगितलं की माणसं कमी आहेत हे कारण चालणार नाही, जागा द्यावीच लागेल, आणि ती घरापासून योग्य अंतरावर हवी, साधारण अर्धा तास. पत्राला उत्तर नाही आलं तर प्रशासकीय कोर्टात तातडीचा अर्ज करता येतो, अशा केसला कोर्ट फी लागत नाही, वकिलाची लागते, रेश्टशुट्झ म्हणजे कोर्ट-वकिलाच्या खर्चाचा विमा असेल तर त्यात बसतं का बघा. आणि जागा न मिळाल्यामुळे पगार बुडाला तर त्याची भरपाई मागता येते हे जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी कोर्टाने ऑक्टोबर २०१६ मध्ये लाइपझिगच्या आयांच्या केसमध्ये मान्य केलंय. बहुतेकांना कोर्टापर्यंत जावं लागत नाही, आमच्या पत्रानंतर तीन आठवड्यांनी ऑफिसने दोन पत्ते पाठवले, एक ट्रामने पन्नास मिनिटांवर, दुसरा घरामागे दोन गल्ल्या सोडून जिथे मी दोनदा ईमेल केला होता.

मधल्या काळात नोकरीचं काय, तर एल्टर्नत्साइट वाढवायची असेल तर कंपनीला सात आठवडे आधी कळवावं लागतं, म्हणजे जागा मिळेल मिळेल म्हणत शेवटपर्यंत थांबू नका.

जागा मिळाल्यावर

गुटशाइनची मूळ प्रत किटाला द्यायची, करार करायचा, आणि मग सुरू होते आइनगेव्योनुंग, म्हणजे बाळाला हळूहळू सवय लावणं. पहिले तीन दिवस तुम्ही बाळासोबत तासभर तिथेच खाली बसायचं, चौथ्या दिवशी पाच-दहा मिनिटं बाहेर जायचं, आणि तो चौथा दिवस सोमवार नसावा असं पण बघतात कारण शनिवार-रविवारनंतर बाळ पुन्हा चिकटलेलं असतं. दोन ते चार आठवडे धरा, कधी जास्त, ऑफिसला पहिल्या दिवसापासून येते असं अजिबात सांगू नका. आमच्या पोराच्या खुंटीवर कोल्ह्याचं चित्र होतं, त्याखाली रबरी पॅन्ट टांगलेली, पहिला आठवडा त्याने फक्त ती पॅन्ट ओढली.

आणि आजीला बोलवायचं असेल तर तारीख विचार करून ठरवा. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. आम्ही सासूबाईंना आइनगेव्योनुंगच्या आधी बोलावलं, त्या परत गेल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात पोराला पहिला ताप आला, किटातून अकरा वाजता फोन, लगेच घेऊन जा. मग पुढचे दोन महिने आठवड्याआड तेच. दुसऱ्या वेळी तिकीट किटा सुरू झाल्यानंतर चौथ्या आठवड्याचं काढलं.