साइट ॲनालिसिस केलं म्हणजे साइटला उत्तर दिलं असं होत नाही, पोरांनो

परवा परत एका ज्युरीला, म्हणजे पोरांची डिझाइनं तपासायला, गेले होते. आर्किटेक्चरच्या थर्ड इयरचे प्रोजेक्ट, जळगाव जिल्ह्यात यावलकडच्या एका गावात आठवडे बाजार आणि बहुउद्देशीय हॉल. पहिला पोरगा उभा राहिला, तीन शीट साइट ॲनालिसिसच्या, म्हणजे जागेच्या पाहणीच्या, एकदम झकास, सन पाथ (सूर्याच्या वाटेचा नकाशा) रंगीत, वाऱ्याचे निळे बाण, काँटूर (चढउताराच्या रेषा), माती, झाडं, रस्ते, आणि शेवटी तो स्वॉटचा, म्हणजे बलस्थानं-उणिवा-संधी-धोके असा, चौकोन (हा मॅनेजमेंटवाल्यांकडून आपल्याकडे कधी आला आणि परत का गेला नाही देव जाणे). म्हटलं छान, आता हॉल दाखव. हॉल दाखवला तर त्या तीन शीटचा आणि हॉलचा काही संबंधच नाही. विचारलं, साइटला रिस्पॉन्स, म्हणजे उत्तर, कुठेय? तर तो परत पहिल्या शीटकडे बोट दाखवतो, म्हणे मॅम हा काय, सन पाथ काढलाय ना.

हे दरवर्षी होतं. मी आता वैतागलेय म्हणून एकदाच लिहून टाकते.

ॲनालिसिस म्हणजे काय ते तुम्हाला सगळ्यांना येतं, त्यात वेळ घालवत नाही. टेप, मोबाइलचं कंपास, गूगल अर्थ, दोन दिवस उन्हात फिरणं, झालं. ते आधी होतं आणि उत्तर नंतर येतं, ते शीटवर दिसतं आणि उत्तर प्लॅन-सेक्शनमध्ये दिसतं, हे फरकही कोणीही सांगेल.

खरी गडबड पुढे आहे. ॲनालिसिसमध्ये लिहिलेली गोष्ट तुम्ही काहीच बांधलं नाही तरी खरी असते. गावाच्या उत्तरेला सातपुडा आहे, माती काळी आहे, मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, हे तुमच्या हॉलवर अवलंबून नाहीये. रिस्पॉन्स म्हणजे त्या गोष्टीमुळे तुम्ही घेतलेला असा निर्णय, जो दुसऱ्या गावात तुम्ही वेगळा घेतला असता. ओळखायचं कसं, तर तुमचा प्लॅन उचला आणि मनातल्या मनात कोल्हापूरला नेऊन ठेवा. काही अडलं का? भिंत सरकवावी लागली का, जिना फिरवावा लागला का? नाही ना? मग तुम्ही यावलला उत्तर दिलेलं नाही, तुम्ही फक्त यावलचं वर्णन केलं आणि मग तुम्हाला आधीपासून आवडलेला हॉल तिथे ठेवला.

उन्हाचंच घ्या कारण सगळ्यात जास्त शीट त्यावर खर्च होतात. आपण साधारण 21 अक्षांशावर. शीटवर सगळे लिहितात ‘साउथ साइडला शेडिंग द्यावं’, पुस्तकात असतं म्हणून. अरे पण एप्रिलच्या मध्यात दुपारी साडेबाराच्या सुमाराला सूर्य क्षितिजापासून जवळजवळ 79 अंश वर असतो, म्हणजे दक्षिणेच्या भिंतीला साधा दोन फुटी छज्जा दिला तरी सावली दहा फूट खाली उतरते, काम झालं. आणि मे अखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत तर दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो. आपल्याकडे जीव घेते ती पश्चिम. मे महिन्यात संध्याकाळी सव्वापाच-साडेपाचला सूर्य 20 अंशांपर्यंत खाली आलेला असतो, तोच दोन फुटी छज्जा तिथे जेमतेम पाऊण फूट सावली देतो, बाकी सगळी भिंत तापत राहते आणि रात्री दहापर्यंत उष्णता आत सोडत बसते. जळगावात पश्चिमेच्या बेडरूममध्ये झोपलेल्या कोणालाही विचारा, सन पाथची गरज पडणार नाही.

तर त्या पोराच्या शीटवर सन पाथ अगदी बरोबर होता. आणि बाजाराच्या लोकांना बसायला त्याने जो ‘कम्युनिटी इंटरॅक्शन प्लाझा’ काढला होता तो बरोब्बर पश्चिमेला, फरशीचा, उघडा, वर एक झाड नाही. बाजार दुपारनंतरच भरतो. गावातले एक जिभाऊ ज्युरीला बोलावले होते, त्यांनी मॉडेलकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, आठे कोन बठस भो, ऊन लागस ना (इथे कोण बसणार भाऊ, ऊन लागतं ना). माझ्या दहा मिनिटांच्या भाषणापेक्षा ते बरं होतं.

पश्चिमेला गोडाऊन टाका, जिना टाका, टॉयलेट टाका, निंबाची रांग लावा, नाहीतर तिथे काहीच उघडू नका. यातलं कुठलंही केलं की ते उत्तर झालं, आणि मग सन पाथची शीट नाही काढली तरी मला चालेल.

मातीचंही तसंच. ‘ब्लॅक कॉटन सॉइल’ असं प्रत्येक शीटवर असतं. ही माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि तेच पोरगं भिंतीला लागून लॉन काढतं ज्याला रोज पाणी घालायचंय. म्हणजे जोत्याखालची माती एका बाजूने कायम ओली आणि दुसऱ्या बाजूने कोरडी, भिंतीला तडा जायची सोयच केली. लिहिलं होतं ना शीटवर, माती फुगते म्हणून? लिहिलं होतं.

आता याचा एक चुलतभाऊ आहे, साइटसारखं दिसणं. मला याचा जास्त राग येतो कारण हा रिस्पॉन्ससारखा दिसतो. जळगाव म्हणजे केळी, म्हणून प्लॅन केळीच्या पानाच्या आकाराचा. खरंच सांगते, तीन वेळा बघितलंय. केळीच्या पानाच्या आकाराच्या हॉलमध्ये कोपऱ्यात सतरंज्या कुठे ठेवायच्या कोणाला माहीत नाही. सातपुड्यातली साइट मिळाली की भिंतीवर वारली चित्रं. वारली लोक पालघर-डहाणूकडचे, आपल्या नंदुरबारकडच्या धडगाव-अक्कलकुव्यात भिल्ल आणि पावरा आहेत, पण आदिवासी म्हटलं की वारली, विषय संपला. आणि जुन्या वस्तीवर डोळे मिटून ‘ऑरगॅनिक फॅब्रिक’ (न आखता आपोआप वाढलेली वस्ती) लिहायचं, धुळ्यावरसुद्धा, जिथे 1818 नंतर इंग्रजांचा कॅप्टन ब्रिग्ज आला आणि त्याने सरळ रेषेत रस्ते आखून पेठ वसवली. नकाशा बघितला असता तरी कळलं असतं.

लोकांच्या बाबतीत हा घोळ अजून वाढतो. लोकांना विचारलं म्हणजे लोकांना उत्तर दिलं असं समजतात. गूगल फॉर्म काढतात. गावासाठी गूगल फॉर्म! भरतात कोण तर होस्टेलमधले मित्र. आणि समजा खरंच गावात जाऊन विचारलं, काका तुम्हाला हॉलमध्ये काय पाहिजे, तर काका सांगणार एसी पाहिजे, टाइल्स पाहिजे, लग्नाला मोठं स्टेज पाहिजे. यात काका चुकीचे नाहीत, प्रश्न आळशी आहे. लोक काय मागतात ते ॲनालिसिस. लोक काय करतात ते बघून तुम्ही काय बदललं, ते उत्तर. धडगावकडे पाड्यात घरं एकमेकांना चिकटून नसतात, प्रत्येकाचं घर आपापल्या शेतात, लांब लांब. हे पोरं स्वतः शीटवर लिहितात, ‘स्कॅटर्ड सेटलमेंट’, आणि घरकुलाच्या प्रोजेक्टमध्ये बारा घरं एका चौकाभोवती गोल बसवतात कारण चौक म्हणजे कम्युनिटी असं कुठेतरी वाचलंय.

चांगलं उदाहरण पाहिजे तर लांब जायला नको, सातपुडा ओलांडला की इंदूर. तिथे आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींचं अरण्य नावाचं घरांचं प्रोजेक्ट आहे, 1995 ला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळालेलं. गरीब माणूस घर एका दमात बांधत नाही, पैसे येतील तसं एकेक खोली चढवतो, ही पाहणी काही भारी नाही, तुमच्या आजोबांनाही माहीत होती. दोशींनी त्यामुळे काय केलं ते बघा, सगळ्यात गरिबांना तयार घर दिलंच नाही. प्लॉट, जोतं, संडास-न्हाणीचा गाभा आणि एखादी खोली दिली, बाकी तुम्ही बांधा. नमुना म्हणून 80 घरं बांधून दाखवली तेवढीच. लोकांबद्दलची एक गोष्ट आणि तिच्यामुळे अख्ख्या प्रोजेक्टचा आकार बदलला. शीटवर वीस निरीक्षणं असतील आणि त्यातल्या दोनांनी प्लॅन हलला तरी खूप झालं, विसांना उत्तर द्यायला गेलात तर हॉल राहणार नाही, खिचडी होईल.

त्याच ज्युरीत एक मुलगी होती, तिचं सांगते. तिच्या साइटच्या शीट अगदी गरीब, एकच, तीपण पेन्सिलने. पण ती मार्चमध्ये गावात राहिली होती, मावशीकडे. तिने बघितलं की उन्हाळ्यात बिबडे (ज्वारीचे पापड) करायचे दिवस आले की चार घरच्या बाया पहाटे एकत्र जमतात, ज्वारीच्या गरम पिठाचं पातेलं दोघी दोन बाजूंनी कपड्याने धरून धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, नेतात आणि ऊन चढायच्या आत पसरवून मोकळ्या होतात. आता मातीची धाबी जाऊन पत्रे आलेत, पत्र्यावर कोण चढणार, त्यामुळे जागा शोधत फिरतात. तिने दुसरी गोष्ट बघितली, हॉलची चावी ग्रामपंचायतीच्या शिपायाकडे असते आणि तो दहाशिवाय येत नाही.

मग तिने हॉलचा स्लॅब सपाट ठेवला आणि जिना बाहेरून काढला, चावी न लागणारा. जिना पाच फूट रुंद, कारण दोघी शेजारी-शेजारी पातेलं धरून चढणार, पायरी फक्त सहा इंच उंच, आणि मध्ये लँडिंगवर एक कट्टा, पातेलं टेकवायला. गच्चीला भरीव पॅरापेटऐवजी (कठड्याऐवजी) पाइपची रेलिंग, वारा लागावा आणि बिबड्यांवर सावली पडू नये म्हणून. जिना पश्चिमेच्या भिंतीला, म्हणजे दुपारनंतरचं ऊन हॉलच्या आधी जिना खातो. रात्री तीच गच्ची झोपायला. तिला विचारलं कन्सेप्ट काय, तर गप्प उभी राहिली, बिचारीकडे केळीचं पान नव्हतं. हा जिना कोल्हापूरला नेऊन बघा, सहा इंचाच्या पायरीचं आणि त्या कट्ट्याचं काय करायचं ते तिथल्या कोणाला कळणार नाही.

बाजूला बसलेले एक सर म्हणाले जिन्याने एलिव्हेशन, म्हणजे बाहेरून दिसणारं रूप, बिघडलं. मी भांडले, पण मार्कांचा तक्ता आधीच छापलेला होता, साइट ॲनालिसिसला वेगळे मार्क, त्यात सन पाथ, विंड, स्वॉट असे रकाने. तिचे तिन्ही रिकामे. पहिल्या पोराला तिच्यापेक्षा अकरा मार्क जास्त पडले.