काकांचं सेंट्रिफ्यूगल आणि पुतणीचं अल्ट्रासेंट्रिफ्यूज

पुतणी बाहेरच्या एका युनिव्हर्सिटीत पीएचडी करते, दिवाळीला बेळगावला आली तेव्हा सगळ्यांनी विचारलं नेमकं करतेस तरी काय, तर म्हणाली अ‍ॅनॅलिटिकल अल्ट्रासेंट्रिफ्यूजवर काम आहे, म्हणजे द्रावण जोरात फिरवायचं आणि आतलं काय किती वेगानं खाली बसतंय ते फिरतानाच बघायचं मशीन, युनिव्हर्सिटीची सामायिक फॅसिलिटी आहे, नंबर लावायला लागतो. आमचे काका चिकोडीकडं साखर कारखान्यात आयुष्यभर होते, ते लगेच, "अगं त्यात काय, असलं मशीन आमच्याकडं दिवसरात्र फिरतंय की, साखर एकीकडं मळी एकीकडं." सगळे हसले, पण काका अर्धे बरोबर होते.

कारखान्यातलं सेंट्रिफ्यूगल मिनिटाला हजार-दीड हजार फेरे घेतं आणि जाळीतून मळी बाहेर फेकतं. डेअरीतलं साय काढायचं मशीन त्याचंच भावंड, ते 1878 च्या सुमारास स्वीडनच्या गुस्ताफ दे लावालनं आणलं, आणि हा गडी शिकलेला तिकडच्याच उप्साला युनिव्हर्सिटीत. पुढची गोष्ट पण त्याच उप्सालाची आहे. ह्या मशिनांचं काम एवढंच की फिरवा आणि वेगळं करा, आत काय चाललंय ते कोण बघतंय?

उप्सालाच्या थिओडोर स्वेडबर्ग ह्या रसायनशास्त्रज्ञाला तेच बघायचं होतं. 1923 ला तो अमेरिकेत विस्कॉन्सिनला गेला होता तिथं त्यानं फिरत्या नळीतनं उजेड सोडून फोटो काढायची सोय केली, परत येऊन 1924 ला सोन्याच्या बारीक कणांवर काम केलं आणि मशीनला अल्ट्रासेंट्रिफ्यूज नाव दिलं. मग हिमोग्लोबिन घातलं. तेव्हा बऱ्याच लोकांना वाटायचं की प्रोटीन म्हणजे नुसता चिकट गोळा, त्याला ठराविक वजन कसलं? त्यातल्या लोखंडावरनं हिशोब केला तर रेणूचं वजन 16,700 च्या आसपास (म्हणजे हायड्रोजनच्या एका अणूच्या साधारण तेवढे पट) यायचं, मशीननं दाखवलं त्याच्या चौपट, म्हणजे 67-68 हजार, आणि सगळे रेणू एकाच मापाचे. केंब्रिजच्या अडेअरनं दुसऱ्याच रस्त्यानं आधी तेवढंच काढलं होतं, म्हणून लोकांना मानावं लागलं. 1926 ला स्वेडबर्गला नोबेल मिळालं.

पीयूसीला आपण सगळ्यांनी घोकलेलं 70एस रायबोसोम आठवतंय का, त्यातला एस म्हणजे हाच स्वेडबर्ग. त्याचे दोन तुकडे, 30एस आणि 50एस, मिळून 80 न होता 70 का होतात हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, नुसतं पाठ करा म्हणाले. एस हे वजन नव्हेच, खाली बसायचा वेग आहे तो, आणि वेग आकारावर पण जातो, दोन तुकडे चिकटले की पाण्याला घासणारा भाग कमी होतो, बेरीज जुळत नाही.

सुरुवातीची मशिनं तेलाच्या टर्बाइनवर चालायची, महाग आणि धोक्याची, जगात हाताच्या बोटावर मोजण्याइतकी. म्हणजे गावात एकच पिठाची गिरणी, सगळ्यांनी आपलं दळण घेऊन तिथंच जायचं, तसं उप्साला. निपाणीच्या तंबाखूवाल्यांना माहीत असलेला मोझॅक रोग, त्याचा व्हायरस पण 1930 च्या दशकात ह्याच पद्धतीनं अमेरिकेत फिरवून बघितला. तिकडं व्हर्जिनियात बीम्स आणि पिकल्स यांनी रोटर, म्हणजे सॅम्पल धरून फिरणारा भाग, निर्वात पोकळीत फिरवला, हवेचं घासणं गेलं, तापणं गेलं. पिकल्सच्या स्पिन्को कंपनीनं 1947 ला मॉडेल ई काढलं, अवजड धूड, पण विकत मिळायला लागलं. मेसेलसन आणि स्टाल यांनी 1958 ला डीएनएची नक्कल कशी होते ते ह्याच मशीनवर दाखवलं.

आणि मग पडता काळ. जेल आलं, प्रोटीन ह्या जेलीसारख्या थरातनं विजेनं पळवलं की अंदाजे वजन संध्याकाळपर्यंत हातात, मग एवढं मोठं मशीन कोण सांभाळणार, फोटो मोजत कोण बसणार? म्हातारी मॉडेल ई बऱ्याच ठिकाणी कोपऱ्यात धूळ खात पडली. 1990 च्या सुमारास बेकमन कंपनीनं नवं मशीन काढलं आणि कॉम्प्युटर स्वस्त झाले, 2000 च्या आसपास पीटर शुकचं सेडफिट, बोरिस डेमेलरचं अल्ट्रास्कॅन असे प्रोग्रॅम आले, फोटोऐवजी शेकडो स्कॅन एकदम सोडवता यायला लागले. माझ्या मते मशीन वाचवलं ते ह्या गणितानं, लोखंडानं नव्हे. पण हे गणित जमणारा माणूस सगळीकडं नसतो, म्हणून परत गिरणीच. इंग्लंडला नॉटिंगहॅम, कॅनडात लेथब्रिज, असल्या सेंटरांकडं लोक आपापली सॅम्पलं घेऊन जातात. आता जीन थेरपीवाले पण येतात, औषध नेणारं व्हायरसचं कवच भरलेलं आहे की रिकामं, हे इथं चांगलं कळतं, भरलेलं वेगानं खाली जातं.

हे सगळं पुतणीनं सांगितलं, 60 हजार फेरे मिनिटाला, वजनाच्या जवळजवळ 2 लाख 90 हजार पट ओढ, काका शांत ऐकत होते. मग विचारलं, "एवढ्यात साखर घातली तर?" पुतणी म्हणाली, पाण्यात विरघळलेल्या साखरेचा रेणू 342 चा, फार हलका, तळाला जाऊन बसत नाही, तळाकडं थोडी दाट, वर थोडी पातळ होते तेवढंच.

"मग आमचंच मशीन बरं," काका म्हणाले आणि चहा मागितला.