घरातील वायफाय आणि डीएनएस : दोषशोधन

लॅपटॉप वायफायला जोडलेला दिसतो, तरी वेबसाइट उघडत नाहीत, अशा वेळी बिघाड नेमका कुठे आहे हे हुडकून तो दूर करण्याच्या कामाला दोषशोधन म्हणतात. घरातल्या बिनतारी जोडणीत चार टप्पे असतात : लॅपटॉप आणि राउटर यांच्यातला रेडिओ दुवा, राउटरने लॅपटॉपला दिलेला आयपी पत्ता, राउटरपासून सेवा पुरवठादाराकडे जाणारी लाइन आणि वेबसाइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधणारी डीएनएस यंत्रणा. यांतला कुठलाही टप्पा अडला तरी वापरणाऱ्याला दिसते ते एकच, पान उघडत नाही. म्हणून इथे दुरुस्तीपेक्षा निदान अवघड असते, आणि निदानाआधीच चार-पाच सेटिंग बदलून टाकली तर ते आणखी अवघड होते.

पहिली चाचणी सर्वांत सोपी आहे. त्याच वायफायवर दुसरा फोन किंवा लॅपटॉप चालतो का ते पाहावे. फोनवर तपासताना मोबाइल डेटा बंद ठेवायला हवा, नाहीतर फोन गुपचूप मोबाइल नेटवर्कवरून पान उघडतो आणि दिशाभूल होते. दुसरे उपकरण नीट चालत असेल तर दोष बहुधा लॅपटॉपमध्येच असतो. काहीच चालत नसेल तर राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करावा. तरीही फरक पडला नाही तर लाइनबद्दल पुरवठादाराकडे तक्रार करावी.

वायफायच्या चिन्हावरच्या पट्ट्या भरलेल्या असल्या म्हणजे इंटरनेट चालू आहे, असे नव्हे. त्या फक्त लॅपटॉप आणि राउटर यांच्यातल्या सिग्नलची ताकद सांगतात. पट्ट्या कमी दिसत असतील किंवा जोडणी सारखी तुटत असेल तर रेडिओ दुव्याकडे पाहावे. रेडिओ लहरींचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतींतून लांबवर पोचतो, पण त्यात १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांवर न चढता वापरता येतात. त्यामुळे दाट वस्तीत शेजाऱ्यांच्या राउटरांची तिथे गर्दी होते. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात काम करतो. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा आणि वेगवान असतो, मात्र एकदोन भिंतींनंतर तो क्षीण होतो. लॅपटॉप झोपेतून उठल्यावर वायफाय गायब होत असेल, तर वीज वाचवण्यासाठी लॅपटॉपमधला वायफाय अडॅप्टर बंद करण्याचे सेटिंग किंवा तो अडॅप्टर चालवणारे जुने सॉफ्टवेअर (ड्रायव्हर) यांच्यावर संशय घ्यावा.

पुढे पत्ता. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग ही कमांड दिली की लॅपटॉपचा आयपी पत्ता आणि गेटवे, म्हणजे राउटरचा पत्ता, दिसतो. घरगुती राउटर बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता देतात. त्याऐवजी १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर राउटरच्या, पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सेवेकडून उत्तर आलेले नाही आणि लॅपटॉपने स्वतःच तात्पुरता पत्ता घेतला आहे, असे समजावे. अशा स्थितीत डीएनएसला हात लावून काही उपयोग नाही. वायफाय नेटवर्क 'विसरून' पुन्हा जोडणे किंवा राउटर पुन्हा सुरू करणे, हा मार्ग.

पत्ता ठीक असेल तर, समोरून उत्तर येते का हे पाहणाऱ्या पिंग कमांडने एक-एक टप्पा तपासता येतो. आधी गेटवेला, मग ८.८.८.८ सारख्या बाहेरच्या पत्त्याला आणि शेवटी एखाद्या वेबसाइटच्या नावाला पिंग करावे. आकडी पत्त्याकडून उत्तर येते, पण नाव दिले की होस्ट सापडत नाही असा संदेश येतो, हे डीएनएस बिघाडाचे जवळजवळ खात्रीचे लक्षण आहे. काही सर्व्हर पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत, म्हणून एकाच ठिकाणच्या मौनावरून निष्कर्ष काढू नये. विंडोजच्या 'इंटरनेट नाही' या सूचनेवरही पूर्ण विसंबता येत नाही. मायक्रोसॉफ्टच्या ठराविक सर्व्हरकडे विचारणा करून ती ठरते आणि त्या विचारणेलाही डीएनएस लागतो. लाइन धडधाकट असताना केवळ डीएनएस अडल्यानेही ही सूचना झळकू शकते.

डीएनएसच्या आधी जाळ्यावरच्या सर्व संगणकांची नावे आणि पत्ते एकाच मजकूर-फाइलीत असत. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळत असे आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घेत. जाळे वाढत गेले तशी ही पद्धत अपुरी पडू लागली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी ही यादी अनेक सर्व्हरांत वाटून देणारी डीएनएसची रचना मांडली. १९८७ मध्ये सुधारलेले तिचे तपशील आजही पायाभूत आहेत. शोधणारा सर्व्हर आधी सर्वांत वरच्या पातळीवरच्या रूट सर्व्हरला विचारतो, मग कॉम किंवा इन अशा शेवटाच्या सर्व्हरला, मग त्या नावाच्या अधिकृत सर्व्हरला. मिळालेले उत्तर ठरलेल्या मुदतीपर्यंत जपून ठेवले जाते. या साठ्याला कॅशे म्हणतात. वेबसाइटने पत्ता बदलल्यावर काही जणांना ती दिसते आणि काहींना दिसत नाही, याचे कारण बऱ्याचदा जुना कॅशे असतो. आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस ही कमांड लॅपटॉपमधला हा साठा पुसते. त्याने काही नुकसान होत नाही, म्हणून डीएनएसवर संशय असेल तेव्हा आधी हेच करावे.

लॅपटॉप ऑफिसात चालतो आणि घरी चालत नाही, या तक्रारीमागे अनेकदा हाताने भरलेला डीएनएस पत्ता असतो. ऑफिसातला सर्व्हर घरून पोचण्याजोगा नसतो, पण लॅपटॉप त्यालाच विचारत राहतो. ऑफिसच्या जाळ्याशी दुरून जोडणारे व्हीपीएन नीट बंद झाले नाही तरी असाच उरलेला पत्ता सापडतो. सेटिंग 'आपोआप' वर आणले की राउटर सांगेल तो सर्व्हर वापरला जातो. एक ब्राउझर चालतो आणि दुसरा नाही, असे दिसले तर ब्राउझरमधले सुरक्षित डीएनएसचे सेटिंग पाहावे. ते सुरू असेल तर ब्राउझर लॅपटॉपचे सेटिंग बाजूला ठेवून स्वतःच्या निवडीच्या सर्व्हरला विचारतो.

डीएनएसला नावाचा पत्ता विचारणाऱ्या एनएसलुकअप कमांडमध्ये नावापुढे १.१.१.१ असा सर्व्हर दिला की थेट त्यालाच विचारता येते. तिथून उत्तर आले आणि नेहमीच्या सर्व्हरकडून आले नाही, तर दोष नेहमीच्या सर्व्हरमध्ये किंवा त्याच्या वाटेवर आहे. गूगलचा ८.८.८.८ (२००९) आणि क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ (२०१८) हे सार्वजनिक पर्याय अशा वेळी खरोखर कामी येतात. मात्र ते सर्व रोगांवरचे औषध म्हणून सुचवले जातात, ते चूक आहे. कमजोर सिग्नल किंवा तुटलेली लाइन त्यांनी सुधारत नाही, आणि डाउनलोडचा वेगही सहसा वाढत नाही. पत्ता बदलताना आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची जुनी आणि नवी पद्धत) या दोन्ही नोंदी पाहाव्यात. एक बदलून दुसरी तशीच राहिली तर जुन्या सर्व्हरकडे विचारणा चालूच राहते आणि बदलाचा गुण आला नाही असा गैरसमज होतो.

विंडोजमधला 'नेटवर्क रीसेट' हा शेवटचा उपाय. तो अडॅप्टर काढून पुन्हा बसवतो आणि नेटवर्कची सेटिंग मूळ स्थितीला नेतो. त्यानंतर वायफायचा पासवर्ड पुन्हा टाकावा लागू शकतो आणि व्हीपीएनही नव्याने बसवावे लागू शकते. म्हणून त्याआधी पासवर्ड आणि हाताने भरलेले पत्ते लिहून ठेवावेत.