उड्डाणानंतर इंजिनाची शक्ती जाणे
हलक्या, एक-इंजिनी विमानाने धावपट्टी सोडल्यावर पुरेशी उंची गाठण्यापूर्वीच इंजिन बंद पडणे किंवा त्याची शक्ती घटणे, हा अशा विमानांच्या अपघातांचा एक परिचित प्रकार आहे. या क्षणी विमान जमिनीलगत असते, वेग कमी आणि नाक वर असते. त्यामुळे वैमानिकाने नाक लगेच खाली आणले नाही, तर वेग घटून विमान ‘स्टॉल’ होते, म्हणजे पंखांवरचा हवेचा प्रवाह तुटून ते कोसळू लागते.

बिघाडापेक्षा घातक ठरतो तो मागे वळण्याचा मोह. हे वळण १८० अंशांत भागत नाही. वळताना विमान धावपट्टीच्या रेषेपासून बाजूला सरकते आणि रेषेवर परतण्यासाठी त्याला आणखी वळावे लागते. विमान ४५ अंश कलवून उंची न गमावता वळवल्यास स्टॉलचा वेग सुमारे १९ टक्क्यांनी, तर ६० अंशांवर सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. सौम्य वळण घ्यावे, तर ते पुरे होण्याआधीच उंची संपते. म्हणून कमी उंचीवर समोरच, फार तर थोडे डावे-उजवे करून, सापडेल त्या जागी उतरण्याचे प्रशिक्षण दिले जाते.

कारणे बहुधा साधी असतात. इंधनाची कळ चुकून बंद राहिली, तरी नळीत व कार्ब्युरेटरमध्ये (हवा व इंधन यांचे मिश्रण करणाऱ्या भागात) उरलेल्या इंधनावर इंजिन विमान हवेत जाईपर्यंत चालू शकते. टाकीत साचलेले पाणी जड असल्याने तळाशी बसते. म्हणूनच उड्डाणापूर्वी तळातून थोडे इंधन पारदर्शक भांड्यात काढून पाहतात. दमट हवेत, तापमान २० अंश सेल्सिअस असतानाही, कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू शकतो. मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज निर्माण करणारे उपकरण) किंवा झडपांचे दोषही आढळतात.

५ मार्च २०१५ रोजी अभिनेते हॅरिसन फोर्ड यांच्या दुसऱ्या महायुद्धकाळातील रायन प्रशिक्षण विमानाची शक्ती सँटा मोनिका येथून उड्डाण केल्यावर लगेच गेली. त्यांनी परतण्याचा इरादा कळवला होता. पण विमानतळ गाठणे शक्य नाही हे दिसताच ते जवळच्या गोल्फ मैदानात उतरले. कार्ब्युरेटरमधील मुख्य इंधन-जेट (इंधनाचा प्रवाह मोजून सोडणारा छिद्राचा छोटा भाग) आट्यांतून सुटल्याने मिश्रणात इंधन प्रमाणाबाहेर वाढले होते, असा अमेरिकी तपास यंत्रणेचा निष्कर्ष होता. खांद्याचा पट्टा सदोष पद्धतीने बसवलेला असल्याने त्यांची दुखापत अधिक गंभीर झाली, असेही तिने नोंदवले.