याप बेटावर दगड देऊन भाजी मिळत नाही

‘याप बेटावर आजही दगडाचंच चलन आहे, लोक चाकं ढकलत बाजारात जातात’ ही गोष्ट वर्षानुवर्षं फिरतेय. ती खरी नाही. याप हे प्रशांत महासागरातल्या मायक्रोनेशिया या देशातलं एक राज्य. तिथे तांदूळ, पेट्रोल, सगळं अमेरिकन डॉलर मोजूनच घेतात.

दगड मात्र खरे. त्यांना ‘राय’ म्हणतात. मधोमध भोक पाडलेल्या चुनखडीच्या चकत्या, काही माणसाहून उंच, सुमारे ४५० किलोमीटरवरच्या पलाऊ बेटांवरून समुद्रमार्गे आणलेल्या. लग्न, जमीन, तंट्याची भरपाई अशा प्रसंगी त्या देतात. मोठा दगड जागचा हलतही नाही. मालक बदलल्याचं गावाला ठाऊक असलं की झालं. याला मागासलेपण म्हणणं मला अजिबात पटत नाही. वाटेत समुद्रात बुडालेल्या दगडाचीही मालकी गावाने मानल्याची हकिकत अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ विल्यम फर्नेस यांनी १९१० मध्ये लिहून ठेवली आहे.